मालवेअर म्हणजे खोटा साक्षीदार: कॉसमॉस बँकेच्या प्रकरणातून संशोधनाची तयारी



एम.एस्सी. किंवा एम.टेक. संपवून पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सायबर सुरक्षेत काम करायचंय, पण सुरुवात कुठून करू?" बहुतेकांनी मालवेअरच्या प्रकारांची यादी पाठ केलेली असते. व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर, स्पायवेअर. ही यादी मुलाखतीत उपयोगी पडते, पण तिच्यातून संशोधनाचा प्रश्न निघत नाही. प्रश्न निघतो तो एखादी घटना नीट सोलून पाहिली की.

म्हणून आज एक घटना घेऊ: पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला. ही निवडण्याचं कारण साधं आहे. मी कुरुंदवाडचा. आपल्या शिरोळ तालुक्यात गावोगावी पतसंस्था आणि दूध संस्था आहेत, शेजारी इचलकरंजीत यंत्रमागवाले आणि सुताचे व्यापारी आहेत. या सगळ्यांचे हिशेब आता कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर आहेत. सहकारी बँकेत काय घडलं हे आपल्याला परकं नाही. शिवाय या चोरीतले काही पैसे कोल्हापुरातल्या एटीएममधूनही काढले गेले होते.

आधी थोडक्यात: मालवेअर म्हणजे काय?

मालकाच्या परवानगीशिवाय, त्याच्या नुकसानीसाठी चालणारा प्रोग्रॅम म्हणजे मालवेअर. आत कसा शिरतो, यावरून काही नावं पडली आहेत. स्वतःहून पसरतो तो वर्म, चांगल्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येतो तो ट्रोजन. आत आल्यावर काय करतो, यावरून दुसरी नावं पडली आहेत. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागतो तो रॅन्समवेअर, गुपचूप पाळत ठेवतो तो स्पायवेअर. एकच प्रोग्रॅम या दोन्ही प्रकारच्या नावांत बसू शकतो, हे लक्षात ठेवलंत की पाठांतराचं निम्मं ओझं उतरेल.

धंद्याच्या दृष्टीने मात्र तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: हा प्रोग्रॅम कुणाच्या आणि कुणाच्या मध्ये जाऊन बसतो? कॉसमॉसमध्ये नेमकं हेच घडलं.

काय घडलं?

११ ऑगस्ट २०१८. शनिवार, आणि तोही दुसरा, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि जवळपास ७८ कोटी रुपये निघाले. त्याच वेळी भारतात रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख.

वापरलेली कार्डं बनावट होती. खऱ्या कार्डांची माहिती कोऱ्या कार्डांवर चढवलेली. आता विचार करा: कार्ड बनावट असलं तरी पैसे द्यायचे की नाही हे शेवटी बँकच ठरवते. मग बँकेने एवढ्या हजारो वेळा "द्या" कसं म्हटलं?

उत्तर असं की बँकेने ते म्हटलंच नव्हतं.

मध्ये कोण बसलं होतं?

तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा काय होतं ते टप्प्याटप्प्याने पाहा. एटीएम एक विनंती पाठवतं. ती व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या स्विचकडे येते. स्विच म्हणजे बँकेच्या दारातला निरोप्या. तो विनंती आत, कोअर बँकिंग प्रणालीकडे नेतो. तिथे खातं आहे का, शिल्लक आहे का हे तपासलं जातं. "हो" किंवा "नाही" असं उत्तर त्याच वाटेने परत जातं. ही सगळी देवाणघेवाण आयएसओ ८५८३ नावाच्या ठराविक साच्यातल्या संदेशांनी होते.

कॉसमॉसच्या बाबतीत बँकेने सांगितलं ते असं: हल्लेखोरांनी खऱ्या स्विचच्या जोडीला एक नकली स्विच उभा केला. बनावट कार्डांच्या विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोचल्याच नाहीत. नकली स्विचने परस्पर "मंजूर" असं उत्तर दिलं. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून काहीच वजा झालं नाही. पैसे गेले ते बँकेचे.

इथे जरा थांबा, कारण धडा इथेच आहे. तिजोरी कुणी फोडली नाही. पासबुकं जागच्या जागी, शिल्लक जशीच्या तशी. कोअर बँकिंगचा पडदा पाहणाऱ्या माणसाला सगळं आलबेल दिसलं असतं, कारण त्या प्रणालीला काही घडल्याचं कळलंच नव्हतं. आणि बाहेरच्या जाळ्याला वाटत होतं की बँक मंजुरी देतेय. दोन्ही बाजू प्रामाणिक, मधला साक्षीदार खोटा.

अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी २ ऑक्टोबर २०१८ रोजी 'फास्टकॅश' या नावाने अशा हल्ल्यांबद्दल इशारा काढला. त्यात दोन गोष्टी नोंदवल्या होत्या. बाधित स्विच सर्व्हर हे एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, कंपनीने आधार देणं बंद केलेल्या जुन्या आवृत्त्यांवर चालत होते. आणि वापरलेली बहुतेक खाती जवळपास रिकामी होती. दुसरी नोंद पुन्हा वाचा. रिकाम्या खात्यातून पैसे निघतात, याचा अर्थ शिल्लक कुणी विचारलीच नाही.

दोन वह्यांचा ताळा

जुन्या पेढीवर संध्याकाळी दिवाणजी काय करायचे? रोजकीर्द लिहून झाली की गल्ल्यातली रोकड मोजायची. दोन्ही आकडे जुळले तर घरी जायचं, नाही तर बसून चूक शोधायची. रोजकीर्द लिहिणारा आणि रोकड मोजणारा वेगळा माणूस असेल तर आणखी चांगलं.

कॉसमॉससारख्या हल्ल्यात हाच ताळा उपयोगी पडतो. जाळ्याच्या नोंदीत "मंजूर" असलेले व्यवहार आणि कोअर बँकिंगमध्ये वजा झालेले व्यवहार दर काही मिनिटांनी शेजारी ठेवले, तर फरक लगेच दिसतो. हा ताळा दिवसाअखेर किंवा सुट्टीनंतर होत असेल तर मधल्या वेळात चोराला मोकळं रान मिळतं. म्हणूनच असे हल्ले सुट्टी गाठून होतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर हल्ला झाला तो तिथल्या साप्ताहिक सुट्टीच्या तोंडावर. न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश गेले, त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले. तिथल्या मालवेअरचं एक काम होतं स्विफ्टच्या नोंदी पुसायचं आणि छापून येणाऱ्या पावत्यांत गडबड करायचं. म्हणजे पुन्हा तेच. घटना घडते, आणि ती सांगणारा साक्षीदार गप्प केला जातो.

तेव्हा संरक्षणाचा मूळ प्रश्न "अँटिव्हायरस कुठला घेऊ?" हा नाही. प्रश्न असा: मला जे दिसतंय ते मला कोण सांगतंय, आणि तेच दुसऱ्या, वेगळ्या वाटेने पडताळता येतं का?

दुसरी वाट खरंच दुसरी आहे का?

संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात रंजक भाग हा आहे. आपण दोन वाटा आहेत असं धरून चालतो, पण त्या गुपचूप एक होतात.

सोपं उदाहरण घ्या. बँकेने ओटीपी का आणला? पासवर्ड एका वाटेने, ओटीपी दुसऱ्या वाटेने, म्हणून. पण आता व्यवहारही मोबाईलवर आणि ओटीपीही त्याच मोबाईलवर. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाईल येते. माणूस ती इन्स्टॉल करतो, मेसेज वाचायची परवानगी देतो, आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातो. कागदावर दोन कुलपं, प्रत्यक्षात दोन्हींच्या किल्ल्या एकाच खिशात.

बॅकअपचंही तसंच. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. त्याचा फटका आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनललाही बसला आणि तिथलं काम हाताने करायची पाळी आली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. कोणता वापरकर्ता कोण, याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या अनेक प्रती होत्या, पण त्या एकमेकींशी जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदम गेल्या. वाचली ती घानामधली एक प्रत, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. प्रती किती आहेत यापेक्षा त्यातली एक तरी सुटी आहे का, हे बघायचं असतं.

कुरुंदवाडकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या दुकानदाराला विचारा: हिशेबाच्या वह्यांच्या दोन प्रती एकाच माळ्यावर ठेवून उपयोग नाही, एक प्रत पूररेषेच्या बाहेर लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मधले चार फूट म्हणजे सामान हलवायला मिळणारा वेळ. धंद्यातल्या कॉम्प्युटरलाही अशी इशारा पातळी हवी. एका तासात नेहमीच्या दहापट व्यवहार झाले, रात्री दोनला कुणी लॉगिन केलं, सुट्टीत मोठी रक्कम निघाली, तर पाणी दारात येण्याआधी कुणाच्या तरी फोनची घंटा वाजली पाहिजे. आणि तो फोन उचलणारा माणूस ठरलेला पाहिजे.

गावातल्या धंद्यासाठी एवढं तरी

तुमच्या घरचं दुकान असेल, काकांची पतसंस्था असेल, तर या गोष्टी आजच करता येतात. खर्च फार नाही.

१. क्रॅक केलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर काढून टाका. ते चालवण्यासाठी "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगितलं जातं. म्हणजे राखणदाराला आपणच सुट्टी देतो.

२. बँकेचे व्यवहार ज्या कॉम्प्युटरवर होतात त्यावर दुसरं काही नको. सिनेमा नाही, अनोळखी पेनड्राइव्ह नाही. रोजचं काम ॲडमिन खात्यातून करू नका.

३. अपडेट थांबवू नका. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

४. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. बॅकअपची हार्डडिस्क कायम जोडून ठेवू नका, नाही तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतो. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून डेटा परत आणून पाहा. न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

५. पुरवठादाराकडून "आमचं खातं बदललंय, नव्या खात्यात पैसे टाका" असा ईमेल आला, तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. दुसरी वाट खरंच दुसरी हवी.

६. व्यवहाराला मर्यादा घाला, आणि सूचना व्यवहार करणाऱ्याशिवाय दुसऱ्या एखाद्या भागीदाराच्या फोनवरही जाऊ द्या.

७. घात झालाच तर तो कॉम्प्युटर जाळ्यापासून तोडा, पण घाईने फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा.

संस्थांसाठी नियमही आहेत. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकाने घालून दिली. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठराविक सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. लॉग म्हणजेच साक्ष. आता तुम्ही विचाराल, मालवेअरने लॉगच बदलला तर? बरोबर. म्हणून लॉगची प्रत त्या यंत्राबाहेर गेली पाहिजे. हा प्रश्न तुम्हाला आपसूक पडला असेल, तर तुम्ही संशोधनाच्या वाटेला लागलात.

संशोधनाला बसताना

आता थोडं खास तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट. "शंभर टक्के मालवेअर पकडणारी पद्धत" असा विषय घेऊन गाईडकडे जाऊ नका. फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम सिद्धांततःच शक्य नाही. म्हणून प्रश्न नेहमी असा हवा: कुठल्या परिस्थितीत, किती चुका सोसून, किती पकडता येतं?

दुसरी गोष्ट, अचूकतेच्या आकड्याला भुलू नका. हे गणित स्वतः करून पाहा. समजा १० लाख फाईलींत १०० बाधित आहेत. तुमची पद्धत बाधितांपैकी ९९ टक्के पकडते आणि चांगल्या फाईलींपैकी फक्त १ टक्का चुकीने पकडते. ऐकायला झकास. पण खरे सापडले ९९, आणि खोटे इशारे ९,९९९. म्हणजे वाजलेल्या शंभर घंटांपैकी जेमतेम एक खरी. पतसंस्थेतला एकटा क्लार्क तिसऱ्या दिवशी ती घंटा बंद करून टाकेल. म्हणून चुकीच्या इशाऱ्यांचं प्रमाण तुमच्या प्रबंधात पहिल्या पानांवर हवं.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळेचं भान. डेटासेट हवा तसा पिसून अर्धा शिकवायला आणि अर्धा तपासायला घेतला, तर तुमचं मॉडेल भविष्यातले नमुने पाहून भूतकाळातले ओळखतं. आकडे छान येतात, पण उपयोग शून्य. जुन्यावर शिकवा, नव्यावर तपासा. परीक्षेत आकडे घसरतील, पण ते खरे असतील.

चौथी गोष्ट, मर्यादा पाळा. खरा मालवेअर कॉलेजच्या लॅबमधल्या जोडलेल्या कॉम्प्युटरवर कधीच चालवू नका. त्यासाठी जाळ्यापासून तोडलेलं आभासी यंत्र लागतं आणि गाईडची परवानगी लागते. आणि ओळखीच्या पतसंस्थेची यंत्रणा "बघू तर किती सुरक्षित आहे" म्हणून लेखी परवानगीशिवाय तपासायला जाऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

आणि शेवटची, सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: कुणी काय म्हटलं हे वेगवेगळं लिहा. कॉसमॉसच्या बाबतीतच पाहा. नकली स्विचची गोष्ट बँकेने सांगितली. या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला तो संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या अहवालाने. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं, ते देशातल्या एटीएममधून पैसे काढण्याच्या साखळीतले. ही तीन वेगवेगळ्या पातळ्यांची विधानं आहेत. पहिलं पीडित संस्थेचं निवेदन, दुसरं तज्ज्ञांचा निष्कर्ष, तिसरं न्यायालयाचा निकाल. प्रबंधात तिघांची खिचडी केलीत तर परीक्षक तिथेच बोट ठेवतील. ज्या सवयीने आपण मालवेअरला खोटा साक्षीदार म्हणून पकडतो, तीच सवय आपल्या वाचनालाही लावायची.

या आठवड्याचा अभ्यास

तुमच्या माहितीतला एक व्यवहार निवडा. दूध संस्थेत सकाळी दूध घातल्यापासून सभासदाच्या खात्यात बिल जमा होईपर्यंतचा चालेल. एका कागदावर त्याचे टप्पे चौकटींत काढा आणि बाण जोडा. मग प्रत्येक बाणावर तीन प्रश्न लिहा. इथे मध्येच कुणी बसलं तर काय बदलेल? ते कुणाला, किती वेळाने कळेल? आणि कळवणारी वाट त्याच यंत्रातून जाते का?

ज्या बाणावर "कुणालाच कळणार नाही" असं उत्तर येईल त्याला लाल खूण करा. ती खूण तुमच्या संशोधनाचा विषय होऊ शकते. कागद तयार झाला की संस्थेच्या सचिवांनाही एकदा दाखवा. त्यांना यातलं तांत्रिक काही कळो न कळो, पैसा कुठून कुठे जातो हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं, आणि तुमच्या आकृतीतला चुकलेला बाण ते पटकन दाखवतील.